पट्टी सैल आहे

दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर चालू होता. पद्मजा हारगे तिसऱ्या बाकावरच्या मुलीला पुरवणी देत होती, तेवढ्यात तिच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. आप्पांचा व्हिडिओ कॉल होता. शाळेच्या वेळात आप्पा कधी फोन करत नसत. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून ती व्हरांड्यात आली.

आप्पा मिरजेच्या रुग्णालयाच्या जिन्यात उभे होते. फोन त्यांनी खिडकीच्या कठड्याला टेकवून ठेवला होता, कारण बोलायला त्यांना दोन्ही हात मोकळे लागत. आप्पा जन्मापासून बहिरे होते. आई, विमल, तीन वर्षांची असताना मेंदूज्वरानं बहिरी झाली होती. दोघं बहिऱ्यांच्या शाळेत भेटले आणि त्यांच्या संसाराला आता चाळीस वर्षं होत आली होती. त्या घरात ऐकू येणारी एकटी पद्मजा. तोंडानं बोलायच्या आधी ती हातांनी बोलायला शिकली होती.

"आईचे हात बांधलेत," आप्पांचे हात म्हणाले. "खाटेला. दोन्ही."

"कशासाठी?"

"कुणी सांगत नाही. मला बाहेर काढलं. तिचा डावा पाय गार पडलाय. तेच सांगत होती ती. नुसती बोटं हलत होती."

चार दिवसांपूर्वी आतड्याला पीळ पडला म्हणून आईचं तातडीनं ऑपरेशन झालं होतं. ती अतिदक्षता विभागात होती, घशात श्वासाची नळी होती. काल संध्याकाळी पद्मजा तिला भेटली तेव्हा आई चांगली शुद्धीवर होती. नळी असल्यामुळे ओठ हलवता येत नव्हते, पण हात मोकळे होते. "शाळेत जा, इथं बसून काय करणार आहेस?" असं तिनंच बजावलं होतं, म्हणून पद्मजा पहाटेच्या गाडीनं कऱ्हाडला परतली होती.

आता मुख्याध्यापकांना दोन शब्द सांगून ती तशीच निघाली. मिरजेला पोचायला सव्वा वाजला. वाटेत पायाचं सांगायला तिनं रुग्णालयाला पाच वेळा फोन लावला. पाचही वेळा एका गोड आवाजानं तिला सांगितलं, की रुग्णाची प्रकृती 'निरीक्षणाखाली' आहे.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर माणगावकर भेटले. पंचेचाळिशीचा शांत, अभ्यासू माणूस. त्यांनी तिला आत नेलं नाही. टेबलावरची टॅब्लेटची पाटी तिच्यापुढे वळवली. पाटीवर लाल अक्षरात सकाळचा आकडा होता, ब्याऐंशी.

"हा आईंचा भान-अंक, मॅडम. साठाच्या वर गेला की डेलिरियम समजायचा. सकाळी आठपासून तो चढत होता. नळी ओढून काढली असती त्यांनी, म्हणून हात बांधले आणि झोपेचं औषध दिलं."

"तिनं नळीला हात लावला होता?"

"लावायच्या आधीच सावधनं सांगितलं. त्यासाठीच तर ते बसवलंय."

'सावध' हे यंत्र पद्मजाला ऐकून माहीत होतं. अतिदक्षता विभागातल्या तीनातल्या एका तरी माणसाला डेलिरियम होतो. जंतुसंसर्ग, औषधं, मोडलेली झोप, अनोळखी आवाज या सगळ्यांनी मेंदूचं भान सुटतं. जुनी माणसं त्याला वातात बरळणं म्हणायची. पण सगळेच बरळत नाहीत. कित्येक जण नुसते छताकडे बघत गप्प पडून राहतात, आणि असे रुग्ण निम्म्याहून अधिक वेळा कुणाच्या लक्षातच येत नाहीत. ते गप्प गप्पच खंगत जातात. सावध त्यांच्यासाठी बनवलं होतं. मनगटांना आणि घोट्यांना पट्ट्या, त्या सेकंदाला पन्नास वेळा हालचाल मोजायच्या. छतावरचा कॅमेरा नजर आणि चेहरा टिपायचा. कपाळावरची चिकटपट्टी मेंदूतले विद्युतप्रवाह वाचायची. हे सगळं एकत्र करून दर मिनिटाला एक आकडा. बारा हजार रुग्णांवरून यंत्र शिकलं होतं. हवेत चाळे करणारे, चादर खुडणारे, नसलेली माणसं हातानं हाकलणारे रुग्ण त्याला बिनचूक ओळखता येत. गेल्या वर्षापासून मानांकन हवं असेल तर प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला ते सक्तीचं झालं होतं.

"डॉक्टर, माझी आई बहिरी आहे," पद्मजा म्हणाली. "ती हातांनी बोलते."

माणगावकर पाटीकडे वळले. मग त्यांनी पाटीवर फाइल उघडली, दोन-तीन पानं सरकवली. तिसऱ्या पानावर, मधुमेह आणि ॲलर्जीच्या मध्ये, ते लिहिलेलं होतंच.

"हे सावधकडे जात नाही," ते म्हणाले.

"तुमच्याकडे तर जातं ना?"

उत्तराची वाट न बघता ती आत शिरली. आई गाढ झोपेत होती. दोन्ही मनगटं मऊ कापडानं खाटेच्या दांड्यांना बांधलेली. ते कापड मऊ होतं, काळजीनं बांधलेलं होतं, गाठीखाली कातडी कुठं काचली नव्हती. याच गोष्टीनं पद्मजाच्या डोक्यात तिडीक गेली. कुणाच्या तोंडात बोळा कोंबला असता तर सगळा वॉर्ड धावला असता. इथं तोच बोळा नीट घडी घालून बांधला होता. तिनं गाठी सोडल्या. कुणीतरी "अहो ताई" म्हणालं. तिनं पायावरचं पांघरूण काढलं आणि डाव्या पावलाला हात लावला.

पाऊल माठासारखं गार होतं. बोटं निळसर पांढरी.

"सिस्टर," तिनं हाक मारली. रुथ सातपुते नावाच्या वयस्क परिचारिका धावत आल्या. त्यांनी घोट्यावर, मग गुडघ्यामागे बोटं दाबून नाडी शोधली. त्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, डाव्या पायाला नाडी नाही," त्या म्हणाल्या, आणि मग पुढच्या पाच मिनिटांत तिथं इतकी माणसं जमली, की पद्मजा भिंतीशी ढकलली गेली.

मांडीच्या धमनीत गुठळी अडकली होती. अशी गुठळी सहा तासांच्या आत काढली तर पाय वाचतो. सकाळी आठला आईनं सांगायला सुरुवात केली होती. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिला घेतलं तेव्हा तीन वाजायला आले होते. गुठळी निघाली, पण पाय मेला होता. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली तो काढावा लागला.

संमतीच्या कागदावर आप्पांनी सही केली. आप्पांनी तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले होते, त्यांचं अक्षर छापल्यासारखं सुटं आणि सरळ होतं. सही झाल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढून लेकीला दाखवला. तसाच एक त्यांनी सकाळी अकरा वाजता, भेटीच्या दहा मिनिटांत, सिस्टरांच्या हातात दिला होता. 'डावा पाय गार. ती सांगते आहे. हात सोडा.' त्यानंतर त्यांनी स्वतः हातवारे करून समजवायचा प्रयत्न केला, तेव्हा रखवालदारानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं होतं.

पद्मजा तो कागद घेऊन रुथ सिस्टरांकडे गेली.

"असाच कागद कुणाला दिला होता?"

"मला," रुथ सिस्टर म्हणाल्या. त्यांनी नजर चुकवली नाही. "मी फाइलला लावला. पाय बघायला निघाले होते. मग पाटीवर बघितलं. ब्याऐंशी. म्हटलं, भ्रमातली बाई काहीही सांगणार, आणि नवऱ्याला ते खरं वाटणार. तेवीस वर्षं या वॉर्डात काढली मी, ताई. यंत्र नव्हतं तेव्हा पाय बघितला असता."

पद्मजाला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण आख्ख्या रुग्णालयात खरं बोललेलं पहिलं माणूस तेच होतं, त्यामुळे राग गिळावा लागला, आणि गिळलेला राग जास्त जाळतो हे तिला त्या आठवड्यात कळलं.

आईला शुद्ध आली तेव्हा घशातली नळी निघालेली होती. तिनं आधी पांघरुणाकडे बघितलं. डावीकडे जिथं उंचवटा असायला हवा होता तिथं चादर सपाट होती. तिनं पद्मजाकडे बघून हात उचलले आणि विचारलं, "मी सांगितलं होतं. तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही," पद्मजा म्हणाली.

"मी शंभरदा सांगितलं," आईचे हात म्हणाले. त्या हातांनी आयुष्यभर मिरजेच्या एका कारखान्यात तंबोऱ्यांच्या भोपळ्यांवर नक्षीच्या पट्ट्या बसवल्या होत्या. इतके नेमके हात होते ते. "मांडीवर मारून दाखवलं. गार म्हटलं. पाय बघ म्हटलं. सकाळची ती सिस्टर, पोरगीच, हसून माझा हात खाली ठेवायची. परत उचलला की परत खाली. मग बांधले."

या प्रकारानं रुग्णालय घाबरलं. त्याच संध्याकाळी यंत्राच्या कंपनीला कळवून आईच्या खाटेपुरता सावधचा हातांचा आणि चेहऱ्याचा भाग बंद करण्यात आला. माणगावकरांनी स्वतः येऊन ते सांगितलं, जणू काही भेट देत आहेत. पद्मजाला बरंही वाटलं. तिच्या मते ते यंत्र छतावरून उपसून कृष्णेत टाकायला हवं होतं.

पाय काढल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी ती आईजवळ बसली होती. आई शांत होती, जरा जास्तच शांत. पद्मजानं विचारलं, "दुखतंय का?"

आईचे हात पांघरुणावरून जेमतेम वीतभर वर आले. "नळ शाळेत गेला," ते म्हणाले. "भोपळ्याला... उद्या... मीठ शिवून दे."

पद्मजाला आधी वाटलं, आपणच चुकीचं वाचलं. तिनं पुन्हा विचारलं. आईनं खूण केली ती अर्धीच. बोटं अर्धी मिटलेली, हात छातीशी न्यायचा तो पोटाशीच रेंगाळला. ऐकू येणारा माणूस तापात जसा जड जिभेनं बोलतो, तसं आईचे हात जड झाले होते. नजर पद्मजाच्या चेहऱ्यावर नव्हती, खांद्याच्या मागे कुठंतरी होती.

तिनं माणगावकरांना गाठलं. "आईला भ्रम झालाय."

त्यांनी सवयीनं पाटीकडे बघितलं. "अंक बारा आहे, मॅडम."

"तुम्ही हात बंद केलेत ना? मग बारा कशाचा आहे?"

"कपाळाची पट्टी आणि पायाच्या..." ते थांबले. पायाची पट्टी आता एकच होती. "कपाळाच्या पट्टीचं वजन यात कमी धरलेलं असतं. बाकीचं काही नसेल तर अंक खालीच राहतो."

"म्हणजे ती शुद्धीत होती तेव्हा तुम्ही तिला वेडी ठरवलंत, आणि आता तिचं डोकं खरंच फिरलंय तर म्हणता ती ठीक आहे. डॉक्टर, ती मला म्हणतेय भोपळ्याला मीठ शिवून दे. तुम्हाला आणखी काय पाहिजे? आकडा?"

आवाज चढला होता. दोन खाटांपलीकडचे नातेवाईक वळून बघत होते. माणगावकरांनी रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. सोडियम भलतंच खाली गेलं होतं, आणि लघवीत जंतुसंसर्ग होता. आणखी दिवसभर असंच गेलं असतं तर झटके आले असते, असं ते नंतर म्हणाले. औषधं बदलली. तिसऱ्या दिवशी आईचे हात पुन्हा स्वच्छ बोलू लागले, आणि मधल्या दिवसांतलं तिला काही आठवत नव्हतं.

पद्मजानं घरी येऊन ग्राहक मंचात लेखी तक्रार केली. सावधच्या सगळ्या नोंदी मागितल्या. त्या मिळायला सात आठवडे आणि वकिलाची दोन पत्रं लागली. त्या काळात आप्पांशी तिचं नीट बोलणं होईना. आप्पांना वाटे, आता पुरे, पाय काही परत येणार नाही. पद्मजाला त्यांचा हा समंजसपणा सहन होत नव्हता. दंडाला धरून बाहेर काढलेला माणूस इतका समंजस कसा असू शकतो, असं ती त्यांना एकदा म्हणाली. आप्पांनी बघितलं, आणि ते आईच्या कुबड्यांना रबर बसवत राहिले.

नोंदी आल्या तेव्हा तिनं त्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरून वाचल्या. विज्ञान शिकवत असल्यामुळे आलेख तिला परके नव्हते. हातांची रेघ सकाळी आठला उसळलेली होती. कपाळाची रेघ मात्र नेहमीची, जागत्या माणसाची. पट्टी ओरडून सांगत होती की ही बाई पूर्ण भानावर आहे, आणि हिशेबात हातांनी तिला दाबून टाकलं होतं. पण पद्मजा थांबली ती शेवटच्या रकान्याशी. घोट्याची पट्टी कातडीला नीट चिकटली आहे ना हे कळावं म्हणून त्यात तापमान मोजायची सोय होती. डावा घोटा: सात वाजता तेहेतीस अंश. नऊला एकोणतीस. अकराला पंचवीस. उजवा घोटा दिवसभर तेहेतीस. आणि डाव्या घोट्याच्या प्रत्येक आकड्यापुढे यंत्रानं एकच शेरा मारला होता: 'पट्टी सैल आहे.'

तिनं कागद आईपुढे धरला आणि समजावून सांगितलं. आईनं आकड्यांवरून बोट फिरवलं. "त्याला कळलं होतं," ती म्हणाली.

"कळलं नव्हतं. त्यानं नुसतं मोजलं."

पुढच्या महिन्यात रुग्णालयानं चौकशी समितीची बैठक बोलावली. लांबलचक टेबल, अध्यक्ष, माणगावकर, कंपनीचा तरुण इंजिनिअर, कोपऱ्यात रुथ सिस्टर. आईला कुबड्यांवरून खुर्चीत बसायला वेळ लागला, आप्पा तिला धरून होते. दुभाषी पद्मजाच होती. लहानपणापासून बँकेत, रेशनच्या दुकानात, शाळेच्या पालकसभेत तीच आईबापांचा आवाज झाली होती.

तिनं आलेख दाखवले. तापमानाचा रकाना मोठ्यानं वाचून दाखवला. इंजिनिअरचे कान लाल झाले. "कमी तापमानाचा अर्थ आम्ही फक्त पट्टीपुरता लावला होता," तो म्हणाला. "पायाला काही झालं असेल असा विचारच केला नव्हता."

"केला होता," पद्मजा म्हणाली. "माझ्या वडिलांनी केला होता. लिहून दिला होता."

अध्यक्षांनी घसा साफ करून प्रस्ताव वाचला. यापुढे दाखल होताना रुग्ण बहिरा असल्याची नोंद झाली, की त्याच्यासाठी सावध आपोआप बंद होईल. पद्मजानं मान हलवली. तिला हेच हवं होतं, निदान इतकं तरी. तिनं ते आईला सांगितलं.

आईनं अध्यक्षांकडे बघितलं. मग हात उचलले.

पद्मजा बघत राहिली, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"काय म्हणतात त्या?" अध्यक्षांनी विचारलं.

आईनं टेबलावर टकटक केलं. "सांग," तिचे हात म्हणाले. "मी म्हणते तेवढंच सांग."

पद्मजानं सांगितलं. आवाज तिचा होता, त्यातलं एकही मत तिचं नव्हतं. "त्या म्हणतात, बंद करू नका. बंद केलं होतं तेव्हा मला खरंच भ्रम झाला आणि तुम्हाला दिसला नाही. माझी मुलगी होती म्हणून मी वाचले. सगळ्या बहिऱ्यांना अशी मुलगी नसते. ऐकणाऱ्यांना राखण आणि आम्हाला नाही, असं चालणार नाही. यंत्राला आमची भाषा शिकवा. आम्ही येऊन बसू कॅमेऱ्यासमोर, दिवसच्या दिवस. आणि यंत्र काहीही म्हणो, कुणाचेही हात बांधायच्या आधी त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणाला तरी आत बोलवा. हे लिहून द्या. आज."

अध्यक्षांनी लिहून दिलं. इंजिनिअर भराभर टिपून घेत होता. पद्मजा ताठ बसून होती. ग्राहक मंचातली तक्रार ती मागे घेणार नव्हती, आणि हे तिनं तिथंच सगळ्यांना सांगितलं. आईनंही तिला अडवलं नाही.

सगळे उठायला लागले तेव्हा माणगावकर टेबलाला वळसा घालून आले आणि आईसमोर उभे राहिले. "त्यांना सांगा, मला फार वाईट वाटतं," ते पद्मजाला म्हणाले. "त्या दिवशी मी पाटीऐवजी त्यांच्याकडे बघायला हवं होतं."

पद्मजानं ते आईला सांगितलं. आईनं कुबड्या आप्पांकडे दिल्या आणि खुर्चीतच नीट सरसावून बसली.

"आता मी बोलणार आहे," ती लेकीला म्हणाली. "यातलं एक अक्षर त्याला सांगायचं नाही."

आणि ती डॉक्टरांकडे बघून बोलू लागली. हात झपाझप चालत होते, छातीवर आपटत होते, हवा कापत होते. सकाळचे आठ कसे वाजले, पाय आधी कसा मुंग्यांनी भरला, मग कसा दुखला, मग दुखायचा थांबला तेव्हा ती किती घाबरली. हसून हात खाली ठेवणारी पोरगी. पहिली गाठ. दुसरी गाठ. काचेपलीकडचा नवरा. माणगावकर मधेच पद्मजाकडे बघत, पण ती ओठ मिटून उभी होती. ते नजर वळवू शकत नव्हते आणि त्यांना कळतही काही नव्हतं. आप्पांना सगळं कळत होतं. दोन्ही कुबड्या छातीशी धरून ते उभे होते, आणि त्यांचा चेहरा पद्मजानं आयुष्यात कधी बघितला नव्हता इतका संतापलेला होता.

पाच मिनिटांनी आईचे हात मांडीवर आले. ती धापा टाकत होती.

"काय म्हणाल्या त्या?" माणगावकरांनी हळू आवाजात विचारलं.

"सांगायचं नाही म्हणाली," पद्मजा म्हणाली, आणि आईला उठवायला तिनं हात पुढे केला.